कवळी वाटता येत नाही

दात गेल्यावर ताटातली पहिली बदलते ती भाकरी. जव्हार-मोखाड्याकडे ती बहुतेक नागलीची. तव्यावरून उतरताना मऊ असते, पण थंड झाली की तिची कड अशी ताठरते की धडधाकट दाढांनाही जोर लावावा लागतो. म्हातारं माणूस आधी कड सोडतं. मग भाकरी उडदाच्या कालवणात कुस्करून खाऊ लागतं. पुढे भाकरी जाऊन भात येतो, आणि भाताच्याही पुढे पेज नाहीतर आंबील. या उतरंडीत सुकी मासळी, चिंबोरी, काकडी, भाजलेल्या शेंगा एकेक करून ताटातून निघून जातात. घरात फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण माणूस दोन वेळा जेवायला बसत तर असतं.

जव्हार गावाबाहेरचा शिरपामाळ हा उघडा, वाऱ्याचा माळ. सुरतेच्या वाटेवर असलेल्या शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांची 31 डिसेंबर 1663 रोजी इथे भेट झाली, राजांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवला आणि माळाला नाव मिळालं, असं सांगतात. आज तिथे स्मारक आहे, सहली येतात, फोटो निघतात. माळाभोवतीच्या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत दहातले नऊ जण आदिवासी.

या भागाचं नाव बाहेरच्या महाराष्ट्राला कळलं ते 1992 मध्ये, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून इथे कुपोषण म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते मूल: त्याचं वजन, त्याच्या दंडाचा घेर, अंगणवाडीतला त्याचा आहार. ते बरोबरच आहे. पण त्याच घरात चुलीशेजारी बसलेली, दात नसलेली आजी वर्षानुवर्षं काय खाते, हे कुठल्याच तक्त्यावर चढत नाही. तिला ना कुणी वजनकाट्यावर उभं करतं, ना तोंड उघडायला सांगतं.

दात जातात कशाने, याचं उत्तर वयापाशी संपत नाही. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, म्हणजे मशेरी, सकाळी दात घासायला म्हणून तोंडात जाते आणि दिवसभर परत परत जात राहते. तिने दुखणं तेवढ्यापुरतं बधिर होतं, म्हणून दुखऱ्या दाताला ती औषध वाटते. आत हिरडी खाली सरकत असते, दाताच्या मुळाशी कीटण साचत असतं, हाड झिजत असतं. दात हलायला लागला की बोटाने हलवत राहायचं आणि एक दिवस उपटून टाकायचा. ज्याच्या दारात दवाखाना आहे त्याचा किडलेला दात भरला जातो, नस काढून वाचवला जातो. ज्याला त्यासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो, त्याच्यापाशी एकच उपाय उरतो, काढून टाकणं. तोंडाचं बोळकं हा जितका वयाचा हिशेब, तितकाच अंतराचाही.

पाच खेपा

कवळीकडे आपण चष्म्यासारखं बघतो. नंबर काढला, चार दिवसांनी घालून आलो. इथेच गफलत होते. चष्मा हाडावर टेकतो आणि स्वस्थ बसतो. कवळी ओल्या, मऊ, सारख्या हलणाऱ्या जागेत बसवायची असते, आणि तिच्यावर दिवसातून शेकडो वेळा दाब येणार असतो.

संपूर्ण कवळीत दोन्ही जबड्यांचे मिळून 28 दात असतात. अक्कलदाढा धरत नाहीत. दात नुकतेच काढले असतील तर हिरड्या भरून यायला निदान सहा-आठ आठवडे, कधी तीन महिने थांबावं लागतं. त्यानंतर खेपा सुरू होतात.

पहिल्या खेपेला तयार साच्यात मापाचा मसाला भरून हिरडीचं ढोबळ माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा नमुना ओततात आणि त्या नमुन्यावर त्याच एका माणसाच्या तोंडाचा असा खास ट्रे बनतो. दुसऱ्या खेपेचं काम सगळ्यात नाजूक. हिरव्या रंगाची कांडी ज्योतीवर मऊ करून ट्रेच्या कडेला लावायची, ट्रे तोंडात बसवायचा आणि गाल ओढायचा, ओठ हलवायचे, जीभ बाहेर काढायला सांगायची. स्नायू जिथवर येतात तिथवर कडेला आकार येतो. मग लवंगतेलाचा वास येणारी पेस्ट भरून शेवटचं माप. कड जरा लांब राहिली तर ती मांसात रुतून जखम करते. जरा आखूड पडली तर आत हवा शिरते आणि कवळी सुटते.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते त्यात गोंदाचा काही संबंध नसतो. काचेची दोन ओली तावदानं एकमेकांवर ठेवली की सहज सुटत नाहीत, तसंच हे: मध्ये लाळेचा पातळ थर आणि चहूबाजूंनी बंद कड. खालच्या जबड्याला टाळू नाही. तिथे नुसती नालाच्या आकाराची पट्टी आणि मध्ये अखंड वळवळणारी जीभ. म्हणून कवळी वापरणारा कुणीही असो, तक्रार करतो ती बहुतेक खालच्या कवळीची. त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगाने झिजतं. पैसेवाल्यांसाठी आता खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट रोवून त्यांवर कवळी अडकवायची सोय आहे. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी तीच पहिली पसंती असावी, असं म्हटलं. शिरपामाळाच्या पंचक्रोशीत ही पसंती विचारायलाही कुणी जात नाही.

तिसरी खेप उंचीची. दात गेलेल्या माणसाची हनुवटी नाकाकडे सरकलेली असते. ती किती खाली आणायची, हे मेणाच्या कड्या तोंडात ठेवून ठरवतात. उंची जास्त झाली तर बोलताना दात दातांवर आपटतात आणि चेहरा ताणलेला दिसतो; कमी झाली तर ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साठून चिरा पडतात. जबडा सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट राहायला हवी. ती राहते का, हे बघायचा एक साधा मार्ग म्हणजे 'स'चे उच्चार करायला लावणं.

नाशिकच्या एका दंत महाविद्यालयात हे बघायला मिळालं. खुर्चीत मोखाड्याकडचे एक आजोबा. त्यांच्यापुढे मास्क लावलेली विद्यार्थिनी, मागे त्यांचा नातू, मांडीवर पिशवी घेऊन. "आजोबा, साठपासून पुढे मोजा," ती म्हणाली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. मोजणी काही येईना. तोंडातलं मेण सांभाळत ते म्हणाले, "पोरी, साठच्या पुढं मला कधी काम पडलं नाय." ती जरा थांबली. "बरं, मग येताना गाडी कुठं कुठं थांबली ते सांगा." आजोबा सुरू झाले: मोखाडा, तोरंगण, त्र्यंबक, सातपूर, सीबीएस. 'सातपूर'ला ती वाकली, 'सीबीएस'ला तिने कडांमधली फट पाहिली. "परत एकदा सांगा." त्यांनी परत सांगितलं. खालच्या कडीवरचं मेण तिने गरम सुरीने किंचित उतरवलं आणि तिसऱ्यांदा तोच प्रवास करायला लावला. पाठ्यपुस्तकात हे शब्द नाहीत, पण त्या तोंडाला रोजचे असलेले शब्द तेच होते.

चौथ्या खेपेला दात मेणात रचून तोंडात घालून दाखवतात. दात लांब वाटतात, फार पांढरे वाटतात, हसताना हिरडी दिसते, जे काही म्हणायचं असेल ते या वेळी म्हणायचं. नंतर इलाज नाही. घरातलं माणूस बरोबर असलं पाहिजे ते याच दिवशी. दात होते तेव्हाचा चेहरा आरशापेक्षा घरच्यांना जास्त आठवत असतो.

मग काम प्रयोगशाळेत जातं. मेणाची कवळी धातूच्या फ्लास्कमध्ये प्लास्टरमध्ये गाडतात, उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढतात आणि उरलेल्या पोकळीत ॲक्रिलिकची पावडर आणि द्राव कालवून केलेला गुलाबी गोळा दाबून भरतात. तो पाण्यात शिजवायचा असतो, पण घाई न करता: आधी 74 अंशांच्या आसपास बराच वेळ, मग उकळत्या पाण्यात. तापमान एकदम चढवलं तर आतला द्रावच उकळतो आणि कवळीच्या पोटात सूक्ष्म बुडबुडे राहतात. अशी कवळी दिसायला ठीक असते, पण तिथेच तडकते आणि त्या छिद्रांत घाण धरते. नंतर घासकाम, पॉलिश, आणि सुटा राहिलेला द्राव निघून जावा म्हणून पाण्यात भिजत ठेवणं. पाचव्या खेपेला ती तोंडात बसते.

हे ॲक्रिलिक दंतवैद्यकात आलं ते 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी साठ-सत्तर वर्षं गंधक घालून कडक केलेल्या रबराचा, व्हल्कनाइटचा काळ होता. त्याच्याही आधी हस्तिदंत, पाणघोड्याचे सुळे, आणि युरोपात तर रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती, ही दंतकथाच. तिच्यात हस्तिदंत होतं, शिसं होतं आणि माणसांचे दात होते. आधी व्हल्कनाइटने आणि मग ॲक्रिलिकने कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. आज आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वापरलं जाणारं बरंचसं ॲक्रिलिक भारतीय बनावटीचं असतं. कवळीतला सगळ्यात स्वस्त भाग कुठला असेल तर हा गुलाबी गोळा.

रस्त्याचा हिशेब

जव्हारला पतंगशहा रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तोंड तपासणं, दात काढणं हे त्या पातळीवर होण्यासारखं काम. संपूर्ण कवळीला मात्र तंत्रज्ञ लागतो, प्रयोगशाळा लागते आणि ठरलेल्या अंतराने सलग तारखा लागतात. खासगी दवाखान्यातला खर्च कित्येक हजारांत जातो, म्हणून गरीब माणसाला वाट उरते दंत महाविद्यालयाची. तिथे विद्यार्थी शिकता शिकता काम करतात, प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतो, त्यामुळे पैसे कमी आणि वेळ जास्त लागतो. जव्हारहून नाशिक 80 किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता पाच खेपांत कवळी बसल्यानंतरच्या निदान तीन मिळवा: दुसऱ्या दिवसाची, तीन दिवसांनंतरची आणि आठवड्याची. आठ खेपा, जाऊन-येऊन 160 किलोमीटर, म्हणजे 1280 किलोमीटर. हे फक्त जव्हारपासून. पाड्यावरून जव्हारच्या स्टँडपर्यंत यायचं ते वेगळंच.

तिकिटाचा प्रश्न सरकारने बऱ्यापैकी सोडवला आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून बायकांना सरसकट अर्धं. पण सत्तरीचं माणूस एकटं नाशिकला जात नाही. बरोबर मुलगा किंवा सून लागते. त्यांची आठ दिवसांची मजुरी जाते, आणि ती भरून देणारी सवलत कुठल्याच योजनेत नाही. कवळी फुकट मिळाली तरी महाग पडते ती इथे.

दुसरी अडचण वर्षाच्या चक्राची. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की पाडे रिकामे व्हायला लागतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी ठाणे-कल्याणकडे बांधकामावर, कुणी नाशिककडे बागायतीच्या कामाला. होळीला माणसं सणापुरती परततात. कायमची येतात ती पावसाच्या तोंडावर. म्हातारी मात्र घरीच, नातवंडं आणि कोंबड्या सांभाळत. शिबिरवाल्यांना नोव्हेंबर ते मार्च हा काळ सोयीचा वाटतो, हवा चांगली, रस्ते कोरडे. म्हाताऱ्यांच्या दृष्टीने हाच काळ सगळ्यात गैरसोयीचा, कारण हाताला धरून नेणारं माणूस घरात नसतं. आवणी उरकल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचे दिवस, श्रावणापासून नवरात्रापर्यंतचे, त्यात घर भरलेलं असतं. पाऊस असतो, घाट निसरडा असतो हे खरं. पण काम जव्हार-मोखाड्यातच करायचं ठरवलं तर घाट चढायचाच कशाला?

वाटप

वृद्धांना कवळी मिळायला हवी, हे सरकारला सुचलेलं नाही असं नव्हे. 1 एप्रिल 2017 रोजी आंध्रातल्या नेल्लोरला केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी काठी, कुबडी, वॉकर, तिपाई काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, चष्मा आणि त्यांच्याच रांगेत कृत्रिम दंतपंक्ती. राबवणारी यंत्रणा कानपूरची अलिम्को. कर्नाटकाने त्याआधीच 'दंतभाग्य' नावाची योजना काढून गरीब वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत फुकट कवळ्या द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंच्या खात्यात एकरकमी 3000 रुपये द्यायचं ठरवलं.

कवळीचा यादीत समावेश झाला ही मोठी गोष्ट. चावता येणं हीसुद्धा चालण्या-ऐकण्या-बघण्याइतकीच गरज आहे, हे त्यातून मान्य झालं. पण ज्या रांगेत ती बसली त्या रांगेतल्या बाकीच्या वस्तूंचा स्वभाव वेगळा आहे. वयोश्रीचं काम दोन शिबिरांत होतं: एकात तपासणी, दुसऱ्यात वाटप. काठीला एवढं पुरतं. कवळीची पहिली पाच कामं या दोन शिबिरांच्या मधल्या जागेत होतात, आणि सगळ्यात महत्त्वाची तीन वाटपाच्या नंतर. शिरपेच एकदा मस्तकी चढला की सोहळा पुरा होतो. कवळी तोंडात बसली की काम निम्म्यावर आलेलं असतं.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आजींनी कुडाच्या भिंतीतल्या कोनाड्यातून स्टीलचा डबा काढून दाखवला. आत फडक्यात गुंडाळलेली कवळी होती. वरची नवीकोरी दिसत होती, खालचीचं पॉलिशही तसंच. खालचीच्या डाव्या कडेला कुणीतरी कानशीने घासल्याच्या खुणा होत्या. घासलं कुणी, विचारलं तर मुलाने, म्हणाल्या. लागत होती म्हणून. घासल्यावर लागायची थांबली, पण बसायचीही थांबली. मग परत का नाही दाखवली? "कोणाला दाखवू? ते आले नि गेले." आता ती लग्नाला, फोटोला निघते, तीही वरची एकटीच. पंगतीत बसताना पदराआड काढून ठेवायची. म्हणजे जेवायला म्हणून मिळालेली वस्तू जेवताना सोडून बाकी सगळीकडे कामाला येत होती.

त्यांच्या तोंडाचं माप चुकलेलं असेलच असं नाही. उत्तम बसलेली कवळीसुद्धा पहिल्या आठवड्यात कुठेतरी लागतेच. हिरडी सगळीकडे सारखी जाड नसते. चावताना ज्या जागी हाड वर आलेलं असतं तिथे लाल ठिपका उठतो. डॉक्टर तो ठिपका बघतो, कवळीवर नेमकी तेवढी जागा शोधून अर्धा मिलिमीटर घासतो आणि वेदना थांबते. पाच मिनिटांचं काम. पण ते करणारा 80 किलोमीटरवर असेल तर कानस घरचीच चालते.

आणि जिथे डॉक्टर लांब, तिथे दातवाले जवळ. आपल्या शहरांच्या फुटपाथवर, गावोगावच्या बाजारांत पेटी मांडून बसणारे हे लोक थंड ॲक्रिलिकने बसल्या बैठकीला दात बसवून देतात, शेजारच्या खऱ्या दातांना तारेने बांधून टाकतात. ते निघत नाहीत म्हणून साफ होत नाहीत, आणि आहेत ते दातही सोबत घेऊन जातात. नोंदणी नसताना दंतवैद्यकी करणं कायद्याने गुन्हा आहे. पण एकाच खेपेत काम उरकून देणारा माणूस गिऱ्हाइकाला का परवडतो, हे कायद्याच्या कलमात सापडत नाही.

तोंडात गेल्यावर

कवळीने खायला येत नाही, शिकावं लागतं. हे आधीच सांगितलं तर निम्म्या कवळ्या डब्यात जाणार नाहीत.

पहिले दोन-चार दिवस तोंडाला पाणी सुटतं, कारण आत आलेली वस्तू म्हणजे अन्नच असं तोंड समजतं. जीभ अडखळते. शहरात सांगतात, पेपर मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गाणी म्हणावीत, नातवंडांना नावाने हाका माराव्यात. काम तेच होतं. खाण्याची सुरुवात मऊ भात, डाळ, शिजवलेली भाजी यांनी करायची. घास लहान, आणि तो दोन्ही बाजूंच्या दाढांखाली थोडा थोडा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही: भाकरी हाताने मोडून मागे ठेवायची, पेरू-काकडीच्या फोडी करायच्या. ऊस विसरायचा. खऱ्या दातांचा जोर कवळीला येत नाही. तो फार तर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. तेवढ्यात ताजी भाकरी, मासळी, शिजलेलं मटण नीट जमतं. नागलीच्या शिळ्या भाकरीच्या कडेशी मात्र झुंजायला जाऊ नये.

गांधीजींच्या बोळक्या हसण्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्याकडे कवळी होती; ते ती जेवणापुरती घालत. आपल्याकडे उलटं चालतं. कवळी दिसण्यासाठी घ्यायची आणि खाताना काढायची. दिसण्याला कमी लेखायचं कारण नाही. बोळक्या तोंडाने चारचौघांत हसायला माणूस लाजतो, हे कुठल्याही पाड्यावर तितकंच खरं आहे. पण ज्या घरात आधीच ताट हलकं आहे तिथे कवळीची परीक्षा ताटाशीच व्हायला हवी.

आणि एक. जबड्याचं हाड दात गेल्यावर झिजत राहतं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त. तोंड बदलतं, कवळी बदलत नाही. म्हणून वर्षातून एकदा दाखवायची, सैल झाली तर आतून नवा थर देऊन घ्यायचा. पाच-सात वर्षांनी बहुधा नवी करावी लागते. सैल कवळी घट्ट करायला बाजारात पावडरी मिळतात. चांगल्या बसलेल्या कवळीला चिमूटभर आधार म्हणून त्या ठीक. वाटेल तेवढी भरून जुनी कवळी रेटत राहिलं तर खालचं हाड आणखी झिजतं. तडकली तर घरचा झटपट गोंद लावायचा नाही. चिकटताना तुकडे किंचित जरी सरकले तर ती पुन्हा कधीच नीट बसत नाही. सगळे तुकडे फडक्यात बांधून दवाखान्यात न्यायचे. बहुतेक वेळा दुरुस्ती होते.

वाटीभर पाणी

मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते. म्हणून कवळीची निगा सांगताना 'नळाखाली धरा' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. सुदैवाने तिला पाणी फार लागत नाही.

जेवण झालं की कवळी काढून वाटीभर पाण्यात खळबळायची, चूळ भरायची. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साधा साबण घेऊन आतून-बाहेरून घासायची, खाली पाण्याचं पातेलं किंवा घडी घातलेलं फडकं ठेवून. ओली कवळी साबणाने निसटते आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाचली तरी फरशीवर वाचत नाही. राख, कोळसा, मशेरी यांनी घासायची नाही, टूथपेस्टनेही नाही. ॲक्रिलिक दातापेक्षा कितीतरी मऊ असतं. त्यावर ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी मुक्काम करते. उकळत्या पाण्यात टाकून 'निर्जंतुक' करायला गेलं तर आकार बिघडतो. साफ करायच्या गोळ्या मिळतात, त्या पाण्यात विरघळवायच्या, तोंडात नाही. नसल्या तरी ब्रश-साबणावर भागतं.

रात्री कवळी तोंडात ठेवायची नाही, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. हिरडीला दिवसभराच्या दाबातून सुटका हवी असते. रात्रंदिवस झाकलेल्या टाळूवर बुरशी वाढते, लाल भडक चट्टा येतो, आणि गंमत अशी की तो बहुधा दुखत नाही. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 वृद्धांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये छापून आला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. तेव्हा झोपताना काढायची, पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवली तर आकार किंचित बदलतो. वाटी झाकलेली हवी आणि घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, नाहीतर पहाटे कुणीतरी पाण्याबरोबर कवळीही अंगणात फेकतं. करतानाच आत नावाची पट्टी घालता येते. एका घरात दोन कवळ्या असतील तर ती फार कामाला येते.

मशेरीचं काय? दात गेले म्हणून ती सुटत नाही. हिरडीला, गालाला लावणं चालूच राहतं, आता कवळीच्या आडून. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम, तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर कवळी लागली असेल म्हणून सोडून देऊ नये. कवळी दोन-चार दिवस काढून ठेवली की तिने झालेली जखम भरते. तंबाखूने झालेली भरत नाही. तंबाखूच्या मुलखात वर्षातून एकदा कवळी दाखवायला जाणं म्हणजे वर्षातून एकदा कर्करोगासाठी तोंड तपासून घेणंही होय.

एक रकाना

हे सगळं जमवायचं तर नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. मापं आणि मेणाची कामं दंत महाविद्यालयाच्या पथकाने जव्हार-मोखाड्यातल्या रुग्णालयांत येऊन करावीत, शिजवण्याचं काम नाशिकला किंवा मुंबईला व्हावं, आणि बसवल्यानंतरच्या तीन भेटी जव्हारलाच मिळाव्यात. त्यासाठी लागतो एक दंतवैद्य, घासायचं एक छोटं यंत्र आणि आठवड्याचा एक ठरलेला वार, शक्यतो बाजाराचा, कारण त्या दिवशी माणसं तशीही खाली उतरतात. आशाताई घरोघरी जातातच. डब्यातली कवळी दाखवा म्हटलं तर आजी त्यांना दाखवतील. तारखा श्रावण ते नवरात्र या दिवसांतल्या. आणि बरोबर येणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीसाठी काही तरतूद, कारण खर्चाची खरी बाजू ती आहे.

सध्या वाटपाचा अहवाल वस्तू मोजतो: किती चष्मे, किती काठ्या, किती कवळ्या. चष्मा आणि काठीपुरतं ते मोजमाप चालून जाईल. कवळ्यांच्या आकड्याशेजारी मात्र आणखी एक रकाना आखावा आणि वाटप झाल्यानंतर तीन महिन्यांनी पाड्यावर जाऊन तो भरावा: ही व्यक्ती आज कवळी घालून भाकरी खाते का? उत्तर 'हो' असेल तेवढ्याच कवळ्या वाटल्या गेल्या असं धरावं. सुरुवातीला हा आकडा लहान येईल. पण कुठल्या पाड्यावर कुणाची कवळी कुठे लागते हे त्याने कळेल, आणि घासायचं यंत्र घेऊन नेमकं कुठे जायचं, तेही.